लवंगा तीन मुठी

मला दुकानात जायची भीती वाटते. हसू नका. साध्या वाण्याकडे साखर आणायची तरी मी घरापासून मनात घोकत जात्ये, अर्धा किलो साखर, अर्धा किलो साखर, आणि तिथे पोचल्यावर वाण्याने जोरात "काय पायजे?" विचारलं की मी पाव किलो घेऊन परत येत्ये. शाळा सातवीतच सुटली. चार माणसांसमोर बोलायचं म्हणजे छातीत धडधडतं.

तर अशा बाईवर गेल्या चैत्रात आख्ख्या घराचा वर्षाचा मसाला करून आणायची पाळी आली.

झालं असं की मुंबईला नणंदेचं दुसरं बाळंतपण आलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐन मसाल्याच्या दिवसांत तिकडे गेल्या. आमचं गाव रत्नागिरीकडच्या पालीपासून आत. नवरा मुंबईला, गावातल्याच चौघांबरोबर एका खोलीत राहतो, आणि त्या खोलीतलं कालवण आमच्या मसाल्यावर होतं. नणंदेचं घरही आमच्याच मसाल्यावर. म्हणजे मसाला बिघडला तर तो तीन घरांत वर्षभर बिघडणार, आणि रोज दोन्ही वेळा जेवताना कोणीतरी म्हणणार, यंदा सुनेने केलाय ना, म्हणून. आईंनी त्याला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. सख्ख्या मुलीला नाय.

मुंबईच्या एसटीत बसल्यावर आईंनी खिडकीतून सांगायला घेतलं. मिरच्या तीन किलो, त्या तू वाळवल्यास, देठ काढलेस, ते झालं. धणे दीड किलो, ते तोलून घे. बाकीचं मुठीने. बडीशेप चार मुठी, जिरं तीन, लवंगा तीन, मिरी दोन, दालचिनी मूठभर, दगडफूल ओंजळभर. मी कॅलेंडरच्या फाटक्या पानावर पोरीच्या पाठीचा पाट करून लिहीत होते आणि पोरगी वळवळत होती. कळलं ना, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी हो म्हटलं. मी हो लगेच म्हणत्ये, ती माझी जुनी खोड.

आठ दिवसांनी मिरच्यांची पिशवी एका हातात, दीड वर्षाची पोरगी कडेवर, अशी मी रत्नागिरीच्या गाडीत चढले. पिशवीचं तोंड दोरीने बांधलं होतं तरी हातखंब्यापर्यंत अर्धी गाडी शिंकायला लागली होती. कंडक्टर माझं तिकीट काढताना चार वेळा शिंकला आणि म्हणाला की ताई, पुढच्या वेळेला मिरच्यांचं वेगळं तिकीट काढीन. सगळे हसले. मी पण हसले, मग उगाच घाबरले की खरंच काढतो की काय.

ते दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे खड्या मसाल्याची पोती, मागे भाजायची भट्टी आणि त्याच्याही मागे डंक. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, लोखंडी मुसळं वर जातात नि धाडकन खाली येतात, जमीन हादरते. दुकान एक मावशी चालवते. आई तिच्याकडे वीस वर्षं येतात. गिऱ्हाइकं आपापली पिशवी रांगेत ठेवतात आणि तोंडाला पदर लावून बाकावर बसतात, पिशवीकडे बघत, कारण प्रत्येकाच्या घरचा मसाला वेगळा आणि दुसऱ्याचा चमचाभर जरी मिसळला तरी भांडण.

मावशीने मला बघितलं आणि आधी पोरीसाठी ओरडली. डंकावर कोणी एवढं पोर आणतं का, अक्कल गहाण ठेवलीस काय. घरी सांभाळायला कोणी नाय, असं मी म्हटलं ते तिला ऐकूच गेलं नसणार, पण तिने पोरीला माझ्या कडेवरून उचललं, पुढच्या दुकानात रस्त्याकडच्या वाऱ्याला आंब्याची एक रिकामी पेटी होती, तिच्यात पेंढ्यावर बसवलं आणि हातात एक लाकडी चमचा दिला. पोरगी पेटीत राणीसारखी बसली. मग मावशी माझ्याकडे वळली, बोल, काय घालायचं.

मी कागद काढून वाचायला लागले. बडीशेप चार मुठी.

"मूठ कुणाची?" मावशी म्हणाली.

मला कळेना.

"तुझी की सासूची? ती वयनी मूठ भरते तेव्हा वाटतं, पोतं उचलून नेते का काय. आणि तुझा हात बघ."

मी माझा हात बघितला. खरंच, माझ्या हातात बांगड्या पण लहान मुलीच्या मापाच्या लागतात. आई भात लावणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या. त्यांच्या एका मुठीत माझ्या दोन तरी बसतील, की दीड, की पावणेदोन? आणि मग सगळंच घसरलं, चार मुठी म्हणजे सात की आठ, आणि ओंजळ म्हणजे किती? बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, त्यांच्याकडे वही होती, त्यात सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं. त्यांनी मला समजावलं की अशा गोष्टी मोजून लिहून ठेवाव्यात, आणि मी नुसतं वहीकडे बघितलं तर वही मिटून मांडीखाली घेतली.

मी मावशीला म्हटलं की तुम्ही वीस वर्षं आईंचा मसाला करताय, तुम्हाला माप माहीत असेल, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, माहीत आहे, पण सांगणार नाय. एका घरचा मसाला मी दुसऱ्याला सांगत नाय. मी म्हटलं, अहो, माझंच घर ते. तर म्हणे, सगळ्या सुना असंच म्हणतात. एकदा एका घरच्या धाकट्या सुनेला तिने माप सांगितलं होतं, सहा महिन्यांत ती वेगळी निघाली आणि थोरली इथे दारात येऊन उभी राहिली, माझ्या सासूचा मसाला हिला कोणी दिला म्हणून. तेव्हापासून बंद. सासूला फोन लाव, तिने सांगितलं तर घालीन.

फोन लावायचा म्हणजे मला कळलं नव्हतं हे कबूल करायचं. तीनदा हो म्हटल्यानंतर. मी बाहेर जाऊन पोरीकडे बघून आले, पाणी पिऊन आले, परत पोरीकडे बघून आले. शेवटी मावशी म्हणाली, बाय, तुझ्यामागे पाच पिशव्या आहेत.

लावला. डंकाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला, तर आईंचं पहिलं वाक्य, "आधी तो स्पीकर बंद कर. तिथे कोण कोण बसलंय?" शिक्षिका बाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण झोपलेल्या माणसाची मान अशी पुढे येत नाय. मी स्पीकर बंद केला आणि सगळं सांगितलं, एका दमात, हाताचं, मुठीचं, सगळं. आई म्हणाल्या, फोन तिला दे.

मावशी फोन घेऊन भट्टीमागे गेली. आली ती मान हलवत. झालं, म्हणाली, माझ्या मुठी घालायच्या, माझा हात तुझ्या सासूएवढाच आहे.

मला एवढं हलकं वाटलं. मावशीने धणे तोलले, मग एका मोठ्या ताटात बडीशेप चार मुठी, जिरं तीन, आणि लवंगा तीन मुठी, भरघोस, मी मनात मोजत होते. शिक्षिका बाईंचा मसाला चाळून झाला, त्या आपली पिशवी नि वही घेऊन गेल्या. मावशी भट्टीकडे वळली. मी पोरीचं तोंड पुसून परत आले तर काय, मावशीचा हात ताटात, आणि लवंगा वेचून वेचून एका कागदात चाललेल्या. निम्म्या तरी.

लवंग केवढी महाग. वीस वर्षांचं दुकान, आईंचा एवढा विश्वास, आणि ही बाई आमच्या ताटातून लवंगा काढते. बोलायचं तर बाकावर आता दोन नवीन बायका, न बोलायचं तर घरी जाऊन काय सांगायचं. मी आयुष्यात कुणाला जाब विचारलेला नाय. पण पुढच्या क्षणी माझाच आवाज मला ऐकू आला, आणि नेमका तेव्हाच डंक थांबला, त्यामुळे तो गल्लीत पण ऐकू गेला असणार.

"मावशी, त्या लवंगा आमच्या आहेत. परत ठेवा."

बाकावरच्या बायकांनी पदर तोंडावरून खाली घेतले. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग मनगटाला धरून मला सरळ भट्टीमागे नेलं. आता ही मारते, असं मला वाटलं.

ती हसत होती. पोट धरून, आवाज न करता.

तिने सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी तिने आईंच्या सांगण्याप्रमाणे तीन मुठी लवंगा घालून मसाला कुटला. पंधरा दिवसांनी आई भांडायला हजर, कालवण कडू लागतं, जीभ बधिर होते, तुझा डंकच कडू आहे, धुतेस तरी का. लवंगा जास्त होतात असं मावशीने म्हटलं, तर आई म्हणाल्या, तीन मुठी माझ्या सासूने शिकवल्यात, तू कोण सांगणार. दुसऱ्या वर्षी मावशीने गुपचूप निम्म्या काढल्या. आई मुद्दाम येऊन सांगून गेल्या की आता कसा, यंदा डंक नीट धुतलेला दिसतोय. तेव्हापासून दरवर्षी हेच.

"आणि काढलेल्या?" मी विचारलं.

"तिलाच देते ना. पुडी बांधून. जुन्या गिऱ्हाइकाला भेट म्हणून."

आणि मला आठवलं. ती पुडी! दर उन्हाळ्यात आई ती शेजारणींना दाखवतात, बघा, रत्नागिरीत आपल्याला किती मान आहे, लवंगांची पुडी फुकट देते, दुसऱ्या कुणाला नाय देत. आमच्याच लवंगा! मला एवढं हसू आलं की ठसका लागला, आणि ठसक्यात मिरची गेली, मग मावशीने पाठीवर थापा मारल्या.

मग ती म्हणाली, "आता तूच सांग. सासू म्हणते तीन, मी म्हणते दीड. मसाला तुझ्या घरचा."

इतका वेळ ती ते घर माझं मानायला तयार नव्हती. आणि आता मानलं तर मला ते नको होतं. आईंचं ऐकलं तर मसाला कडू. नाही ऐकलं तर ते माझ्यावर, उद्या काही चुकलं तर मी म्हणू शकणार नाय की तुम्हीच सांगितलं होतं. पण मी चार वर्षं जो मसाला जेवले, पोरगी ज्या कालवणाचा भात मिटक्या मारत खाते, तो दीड मुठीचाच होता ना. मी ताटाशी गेले आणि राहिलेल्या लवंगांवर बोट फिरवून बघितलं, आणखी सात-आठ जास्तीच्या वाटल्या, त्या पण काढल्या. मावशीने भुवया वर केल्या आणि त्या पण कागदात टाकल्या.

गावातला एकजण मुंबईला जात होता, त्याच्याबरोबर दोन डबे पाठवले. मग दोन दिवस फोन नाय. मी विहिरीवर गेले तरी फोन कमरेला. तिसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. बाळाचं सांगितलं, नणंदेच्या कंबरेचं सांगितलं, तिथल्या बांगड्याला चव नसते ते सांगितलं. मी आपली हो हो करत्ये. शेवटी म्हणाल्या की काल त्याच बांगड्याचं कालवण केलं होतं, जावयाने दोनदा भात घेतला.

"बघ," आई म्हणाल्या, "मोजून तीन मुठी लवंगा पडल्या की मसाला कसा होतो."

"हो आई," मी म्हटलं.

यंदा आई घरी होत्या, म्हणून आम्ही दोघी गेलो, पोरीला घेऊन. पोरगी आता पेटीत बसत नाय, धावते. आईंचे गुडघे दुखतात, तर त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बरोब्बर ताटासमोर बसल्या. आपल्या हाताने तीन मुठी लवंगा घातल्या. उठायचं नाव नाय. भट्टी तापली. मावशी कढई पुसते, परत पुसते, आईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघते.

मी म्हटलं, आई, पोरगी रस्त्यावर गेली बघा. पोरगी दारातच होती, मला दिसत होती. पण आई "अगो बाय माझे" करत गुडघे विसरून उठल्या, आणि मी दोन्ही हातांनी ताटात घुसले. मावशी कागद शोधायच्या आत आईंची पावलं परत वाजली. ठेवायला जागा दिसेना. आई पोरीला माझ्यासमोर आणून उभं करून ओरडत होत्या आणि पोरीच्या फ्रॉकला पुढे मोठा खिसा होता, मी खाली वाकून तिला जवळ घेतलं आणि सगळ्या लवंगा त्यात सोडल्या. मावशीने ताट कढईत ओतलं.

परतीच्या गाडीत पोरगी आईंच्या मांडीवर झोपली. हातखंब्याला आईंनी तिच्या डोक्याचा वास घेतला, मग गळ्याचा, मग फ्रॉकचा.

"हिला लवंगेचा केवढा वास येतोय गो."

मी म्हटलं, डंकावर गेलं की लागतोच वास. आई म्हणाल्या, हो, ते खरं, आणि पोरीला आणखी जवळ घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण हसू आलं असतं तर मला ते थांबवता आलं नसतं.