बिनजकातीचा माळ

"हात द्या राव, तोंड ऱ्हाऊ द्या."

असं म्हणून शेटजी खांद्यावरचं उपरणं झटकायचे, माझ्या मनगटावर टाकायचे आणि त्याखाली माझी बोटं धरायचे. आमच्या बाजारात भाव असाच ठरायचा. किती बोटं दाबली, कशी दाबली, यावरून आकडा कळायचा, आणि शेजारी उभ्या माणसाला त्याचा पत्ता लागायचा नाही. पटलं तर उपरणं उचलायचं. पटलं नाही तर आपला हात काढून घ्यायचा. तुम्हीही एखाद्या बैलबाजारात हा प्रकार पाहिला असेल. पण शेटजींच्या हाताइतका बोलका हात पाहिला नसेल.

ते जुन्नरच्या बाजारातले दलाल. घराणं मारवाडातलं, जैन. पण तीन पिढ्या इथंच गेल्यामुळं बोली आमचीच. मी डिंगोऱ्याचा. पोती वाहायला जुन्नरला आलो आणि पोती विकणारा झालो. कुणाच्या मेहेरबानीनं झालो नाही, म्हणून कुणाला भीतही नाही. दोन शब्दांत माझा आवाज चढतो. शेटजी म्हणायचे, "तुमचं तोंड म्हंजे मिरचीचं पोतं. उघडलं की गिऱ्हाईक शिंकत पळतंय. हाताला राग येत न्हाई, हातच बरा." खरं होतं ते. मी ओरडत असायचो आणि खाली उपरण्यात माझी बोटं मुकाट्यानं आठ आणे उतरलेली असायची.

त्या काळी कोकणचा माल माळशेज चढून बैलांच्या पाठीवर यायचा. मीठ, भात, सुकी मासळी. उतरताना तेच बैल आमचा गूळ, मिरची, बाजरी नेत. पुष्कळसा माल जुन्नरला राहायचाही नाही, पुढं राजुरीकडं जायचा. पण जुन्नरच्या नाक्यावर सगळ्याचीच जकात कापली जायची; वसुलीचा ठेका मक्तेदाराकडं होता. त्यात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगाची साथ आली. परमुलखाच्या माणसाला नाक्याच्या आत येऊ देईनात. घाट चढल्यावर लागणाऱ्या मढला उघड्यावर गोण्या पडल्या. अवेळी सर आली आणि मीठ पाणी होऊन मातीत गेलं. एक कोकणी बैलवाला त्या ओल्या मातीवर हात फिरवत बसलेला मी पाहिला. सकाळी उठून तो रिकामाच घाट उतरला. बाकीचेही म्हणू लागले, आता घाट न चढता खालूनच रेलवेला माल घालू.

शेटजींनी मला मढच्या माळावर नेलं.

"हितं माल उतरू द्यायचा," ते म्हणाले. "हितंच इकायचा, हितंच घ्यायचा, जकात न्हाई. गावात जाईल त्याचीच गावानं घ्यावी. सरकारला जमिनीचं भाडं देऊ. गावात रोग न्हाई, मालाला जाच न्हाई. वाईट कुणाचं व्हतंय?"

"नाक्याच्या मक्तेदाराचं."

"त्याचं व्हऊ द्या थोडं." मग नाकावर उपरणं धरून त्यांनी लांबचा कोपरा दाखवला. "सुकट तकडं."

"आन् वारा तिकडनंच आला तर?"

"तर मी हिकडं. धरम बी ऱ्हाईल, धंदा बी."

असं म्हणून ते हसले. त्या दिवसांत तेवढंच. परत येताना म्हणाले, "यंदाच व्हाया पायजे, राव. एकदा बैलाला खालची वाट पाठ झाली, की पुना तो वर चढत न्हाई."

आम्ही सरकारात अर्ज केला. पाहणीला येणाऱ्या गोऱ्या साहेबाला काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणून परवानगीच्या आधीच मी माळावर दगडी ओटे बांधले, विहीर खणली. पैसा माझा. शेटजींनी जागोजाग फिरून बैलवाल्यांना शब्द दिला, की आणखी एक खेप दम धरा.

साहेबाचा तंबू लागला. वाटेत मी शेटजींना बजावलं होतं, "आज हात घरी ठेवा. बोलायचं ते मी बोलेन." त्यांनी मान हलवली होती.

मी बोललो, आणि चांगलं बोललो. साहेबानं कारकुनाकडून सगळं समजून घेतलं, नकाशा पाहिला. मग शेटजींकडं बोट करून विचारलं, भाडं किती द्याल?

तंबूत मक्तेदार उभा. गावचे चार व्यापारी उभे. शेटजींनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड उघडायच्या आत ते पुढं झाले, उपरणं साहेबाच्या हातावर टाकलं आणि खाली त्याची बोटं धरली.

साहेब खुर्चीसकट मागं सरकला. पट्टेवाल्यानं शेटजींना दंडाला धरून ओढलं. मक्तेदार ओरडला, "चिरीमिरी द्यायला बघतोय!" साथीचे दिवस, साहेबानं तिथंच औषधाच्या पाण्यानं हात धुतले. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर येऊन मी गरजलो, "तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"एवढ्या लोकांत भाव बोलू?" ते खरोखर चकित झाले होते. "बोललो असतो तर मक्तेदार भावात वर चढला आसता. माळ त्याच्या घशात गेला आसता."

मी तोंड फिरवून चालू लागलो. ओट्यांवर गवत उगवलं. पुढच्या हंगामात घाटातून बैल आला नाही. शेटजी मात्र बाजाराच्या दिवशी मढला जाऊन एका ओट्यावर बसत, असं लोक सांगायचे. उपरणं मनगटावर, तोंड घाटाकडं.

साथ पुन्हा आली. गाव उठून रानात झोपड्यांत गेलं. शेटजींना ताप भरल्याचं कळलं, तेव्हा मी गेलो. माया आली म्हणून नाही. एक आकडा मला विचारायचा होता. तो माझ्या डोक्यात वर्षभर कुरतडत होता.

त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, लांबनंच बोला."

मी दारातूनच विचारलं, "शेटजी, साहेबाला किती देणार होता?"

त्यांनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. उशाचं उपरणं चाचपून त्यांनी ते छातीवर ओढलं.

"हात द्या, राव."

मुलगा नको नको म्हणत असताना मी आत गेलो. उपरण्याखाली हात घातला. त्यांची बोटं भाजत होती. त्यांनी माझी बोटं दाबली, थांबले, पुन्हा दाबली. आकडा कळला आणि माझं डोकं फिरलं. त्यात आम्हा दोघांची माळावरची सगळी कमाई जात होती. माळ चालला असता, बैल आले असते, आम्हाला कवडी उरली नसती. एवढं भाडं कुठल्या साहेबानं नाकारलं असतं? नुसतं तोंडानं बोलायचं होतं!

"हे मला तरी आधी सांगायचं," मी ओरडलो.

"तुमी हात काढून घेतला आसता," ते म्हणाले.

घेतलाच असता. त्या दिवशी नाही घेतला. त्यांची बोटं हळूहळू सैल झाली, तरी माझा हात तिथंच होता. उपरणं शेवटी त्यांच्या मुलानं उचललं.