ताईला ऐकू न गेलेली गोष्ट

ताईचे कान गेले तेव्हा ती बासष्टची होती आणि मी छप्पन्नची. ती साताऱ्याला, मी झाशीला. माझा जन्म झाशीचा आणि सासरही झाशीतलंच. ताईला मात्र वडिलांनी दक्षिणेत दिलं. आमच्या घरातली जुनी माणसं महाराष्ट्राला दक्षिणच म्हणायची, जणू तिकडे मुलगी दिली म्हणजे समुद्रापलीकडेच दिली.

दर रविवारी सकाळी दहाला आमचा फोन असायचा. आई गेल्यापासून माझं मराठी त्या फोनपुरतंच उरलं होतं. यजमान मराठी आहेत, पण जन्मभर कचेरीत हिंदी बोलून घरातही तीच चालू झाली. मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "अगं, आज पोळ्या इतक्या करपल्या" हे सांगायला मला एकच माणूस होतं, आणि ते एक रात्र नि एक दिवस गाडीत बसून गाठावं लागायचं.

शेवटी शेवटी ताई फोनवर कमी बोलायला लागली. "हो गं", "होतं असं", "असू दे" एवढंच. मला वाटलं, वय झालं, थकली असेल. मग एका रविवारी तिच्याऐवजी भाचाच फोनवर आला.

"मावशी, आईला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. मशीन आणलं कानाला, पण नुसती खरखर होते म्हणते. तू तिला ईमेल कर ना. ती वाचते कॉम्प्युटरवर."

"मला कुठे येतो रे ईमेल?"

"आईला तरी कुठे येत होता!"

तेव्हा आमच्याकडे बटणांचा मोबाईल होता, कॉम्प्युटर नव्हता. मुलगी लग्न होऊन भोपाळला गेलेली. यजमान म्हणाले, "पत्र लिख दो." मी लिहिलंही असतं, पण भाच्याच्या त्या बोलण्याने मला ईर्षा चढली. ताईला येतं आणि मला नाही म्हणजे काय!

बडा बाजारात बांगड्यांच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी दोन ते तीन बायकांची बॅच. शिकवणाऱ्या मॅडम चिरगाँवहून बसने यायच्या. बस उशिरा आली की आम्ही चौघीजणी जिन्यावर ओळीने बसून राहायचो, आणि खालचा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "जीना छोड़ के बैठो, पढ़ाई वाली हैं." मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला दीदी म्हणायच्या.

"दीदी, माउस को दबोचो मत. बस हाथ रख दो, जैसे किसी के सिर पे रखते हैं."

पहिले आठ दिवस तो बाण पडद्यावर कुठे पळाला हेच शोधण्यात गेले. मग टायपिंग. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि पडद्यावर हिंदी उमटायचं, अशी सोय होती. पण ते यंत्र पक्कं हिंदीवालं. मी 'काळजी' लिहायला जावं आणि त्याने 'कालजी' उमटवावं. मॅडमनी सगळं धुंडाळलं आणि म्हणाल्या, "दीदी, आपका ये वाला ल इसमें नहीं है." मग मी तसंच लिहिलं. चार ओळी लिहायला पूर्ण तास गेला. ताई, तुझी कालजी वाटते, आम्ही सगले बरे आहोत, असलं काहीतरी. मॅडमनी दाखवलेल्या बटणावर बोट ठेवलं आणि इतका वेळ समोर असलेलं ते पत्र एकदम नाहीसं झालं. मी मॅडमकडे वळले.

"गया?"

"पहुँच भी गया दीदी, सतारा."

पोचलं नव्हतं. क्षणात उत्तर आलं म्हणून मी हरखले, तर ते इंग्रजीत होतं आणि ताईचं नव्हतं. पत्त्यातलं एक टिंब मी गाळलं होतं. टिंब घालून पुन्हा धाडलं.

त्यानंतर चार दिवस मी क्लासमध्ये शिरल्या शिरल्या आधी तेच उघडून बघायचे. पाचव्या दिवशी उत्तर होतं. तीनच शब्द. "पोचलं. वाचलं. थांब." मला हसूच आलं. ताई लहानपणीही मला असंच म्हणायची, माझी वेणी घालताना. थांब. हलू नकोस.

पुढच्या सोमवारी तिचं लांब पत्र आलं. एका बोटाने लिहिलेलं, मध्येच ओळी तुटलेल्या. साताऱ्याची थंडी, गुडघे, सुनेचं बाळंतपण. आणि मग तिने लिहिलं होतं:

"तुला एक खरं सांगते, रागावू नकोस. गेली दोन वर्षं मला फोनवर तुझं बोलणं नीट ऐकू येतच नव्हतं. आवाज यायचा, शब्द लागायचे नाहीत. पण फोन ठेव म्हणवेना. तुझा आवाज कुठे वर जातो, कुठे खाली येतो ते बघून मी हो गं, असू दे असं म्हणायचे."

मी ते तीनदा वाचलं. मग मॅडमना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले.

आई गेली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. शेवटच्या आठवड्यात ती माझ्याकडे होती, अंथरुणाला खिळलेली. त्या दिवसांत ती सारखं ताईचं नाव घ्यायची. पाणी पाजलं तरी ताईचं नाव, कूस बदलून दिली तरी ताईचं नाव. दिवसरात्र करणारी मी, आणि हाक तिला. एकदा माझा तोल गेला. मी ओरडले, "सारखं तिचंच काय! मी दिसत नाही का तुला?" आई माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिने ते नाव घेतलं नाही. काहीच बोलली नाही फारसं. तीन दिवसांनी गेली. ताई पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दीड वर्षं मनात ठेवून एका रविवारी ताईला फोनवर सांगितलं, रडत रडत. ती पलीकडून म्हणाली, "असू दे गं, असू दे." त्या शब्दांवर मी पुढचे दिवस काढले. मला वाटत होतं, ताईने माफ केलं. आता कळलं की तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. मी रडतेय एवढंच कळलं असणार, आणि रडणाऱ्या धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली होती.

आठवडाभर मी क्लासला गेले नाही. यजमानांनी विचारलं, "क्या हुआ, छोड़ दिया?" मी त्यांना सांगितलं सगळं, पहिल्यांदाच. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत बसले. मग म्हणाले, "तिला लिही." मराठीत म्हणाले.

लिहायला तीन दुपारी लागल्या. फोनवर रडता रडता सांगणं सोपं होतं. इथे एकेक अक्षर शोधून 'मी ओरडले' असं लिहायचं आणि ते समोर स्वच्छ वाचायचं. मॅडमना मराठी येत नव्हतं, पण त्या माझ्या खुर्चीमागे फिरकल्या नाहीत.

उत्तर नऊ दिवसांनी आलं.

"वाचून तुझा राग आला. दोन दिवस होता. नाही म्हणणार नाही. पण आई माझं नाव घेत होती हे मला कुणी सांगितलंच नाही गं. मी आले तेव्हा सगळे म्हणाले, शांतपणे गेली, कुणाची आठवण काढली नाही. तीन वर्षं मी हेच धरून बसले होते की इतक्या लांब दिलेली मुलगी तिच्या मनातून उतरली असेल. तू हे आधी का नाही लिहिलंस?"

खाली वेगळ्या ओळीत एक प्रश्न होता. "कोणतं नाव घेत होती? सासरचं की आपलं घरातलं?"

आईने ताईला सासरच्या नावाने कधीच हाक मारली नव्हती. ते घरातलं नाव आता कुणी घेत नाही. मी ताई म्हणते, साताऱ्यात ती आई आहे, आजी आहे. वडील गेले, आई गेली, ते नाव माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

मी ते नाव टाइप केलं. दुसरं काहीच लिहिलं नाही. पत्त्यातलं टिंब तपासलं आणि पाठवून दिलं.