सुनंदाचं जाड पुस्तक

भिंतीला भिंत लागून घर असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, चहाला बोलावल्यासारखे येतात. शेजारच्या अण्णा मास्तरांची लेक सुनंदा मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत. बाळंतपणाला रत्नागिरीत आली ती बॅगेत जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. मशीनला कामं सांगायची एक भाषा असते, ती एका वेळी पाच-सहा कामं कशी चालवते ते त्यात लिहिलेलं. भाषा सुधारली, पुस्तक जुनंच राहिलं. रजा संपायच्या आत दुरुस्त करून पाठवलं तर नोकरी टिकणार, नाहीतर जागा दुसऱ्याला.

*

मी विचारलं, "छापलेलं पुस्तक चुकेल कसं गो?"

"काकू, छापलं तेव्हा बरोबर होतं."

अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "गुहागर गाडीची पाटी. पाटीवर दोन, गाडी साडेतीनला. आपल्याला ठाऊक असतं, फसतो तो पाहुणा."

*

"पूर्वी एक काम आपणहून उठेपर्यंत दुसऱ्याला पाळी नसे," सुनंदाने सांगितलं. "आता वेळ संपली की मशीनच त्याला बाजूला करतं."

"म्हणजे नळावर घागर अर्धी भरली तरी उठायचं?"

"हो. उरलेली पुढच्या पाळीला."

"आमच्या आळीत चालायचं नाही. झिंज्या धरतील."

*

शुद्ध प्रत अण्णा काढत. एका पानावर 'आयडल टास्क' आला, तो त्यांनी खोडून 'ऑनेस्ट टास्क' केला. म्हणे, "कंपनीच्या पुस्तकात आळशी कशाला?"

सुनंदाने कपाळाला हात लावला. "अण्णा, बाकी कुणालाच काम नसतं तेव्हा एकटा तोच चालू असतो."

अण्णांनी चष्मा पुसला. "मग ऑनेस्टच की."

*

शेवटी एकाच वाक्यावर घोडं अडलं. पुस्तक म्हणे, तातडीची कामं कितीही आली तरी साध्या कामाची पाळी कधीतरी येतेच. सुनंदाला शंका. तपासायचं मशीन मुंबईत, आणि त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवलं नाही तर पुस्तक वेळेत पोचत नव्हतं.

सकाळीच आमच्या घरून कंपनीला ट्रंक कॉल लावला, साधा; अर्जंटला दुप्पट पैसे. अर्जंटवाले पुढे जात राहिले. चार वाजले. तिने ऑपरेटरला विचारलं, "आमचा नंबर लागेल ना?"

"ताई, अर्जंटवाले येतच राहिले तर कधीच लागणार नाही."

सुनंदाने रिसीव्हर ठेवला, पुस्तकातलं वाक्य खोडलं, ऑपरेटरचं इंग्रजीत लिहिलं आणि रिक्षाने पोस्ट गाठलं.

पंधरा दिवसांनी साहेबांचं पत्र आलं. जागा तुमचीच. ते वाक्य आम्ही इथे चालवून पाहिलं, तुमचं बरोबर निघालं. फक्त कळवा, रत्नागिरीत तुम्ही ते कोणत्या मशीनवर तपासलंत?

सुनंदाने उलट टपाली कळवलं, "शेजारच्या काकूंच्या फोनवर."