डिस्क गेली, असं मी सांगितलं होतं

बोलणं माझ्या स्वभावात नाही, आणि त्या स्वभावाचा मी वीसेक वर्षं बिनबोभाट फायदा उपटला. गप्प बसणाऱ्या माणसाला कोणी खोटारडा म्हणत नाही. फार तर म्हणतात, बिचारा अबोल आहे.

मी मूळचा उदगीरकडचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा माणमध्ये एक खोली भाड्याने घेतली. घरमालकांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. आबांना एकच लेक. तिचं लग्न ठरलं माले गावच्या मुलाशी, आणि मांडव पडला आबांच्या स्वतःच्या खळ्यावर. त्या खळ्यावर आता कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असतात. पहिल्या पगारांतून घेतलेला हॅण्डीकॅम माझ्याकडे होता, तेव्हा शूटिंग माझ्या गळ्यात. शिवाय नवरीला भाऊ नाही. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ तर हवा, तो मानही माझ्याकडेच आला. मी इतक्या मनापासून पिळला की नवरा भर मांडवात "आई गं" म्हणाला. त्या दिवसापासून मी तिचा दादा झालो. दर दिवाळीला ओवाळून घेतो.

घोळ झाला तो टोपीचा.

मानकऱ्यांची ओळ पुढे खुर्च्यांवर बसलेली. टॉवेल-टोपीचा कार्यक्रम नीट यावा म्हणून मी कॅमेरा पाण्याच्या पिंपावर ठेवला, चालूच, आणि पाय दुखत होते म्हणून ओळीतल्या एका रिकाम्या खुर्चीत टेकलो. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. लेकीला उजवल्याशिवाय ऑपरेशन नाही, हा हट्ट. ते ओळीने डोकी चाचपत टोप्या घालत आले. माझ्याही डोक्यावर घातली, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, आणि वर वाकून नमस्कार. मला भरून आलं. आमच्याकडे मांडवात दिसेल त्याला टोपी घालतात, तसंच असेल म्हणून मीही हसून नमस्कार केला. शेजारचे आपापली टोपी सारखी करण्यात गुंग.

ती खुर्ची होती तात्यांची. तात्या म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलते. ते जरा बाजूला गेले होते. परत आले तर टोप्या संपलेल्या.

"आमाला टोपी न्हाई? मान कळतो का न्हाई तुमाला?"

"आवं, माज्या ह्या हातानं घातली तुमच्या डोक्यावर!"

"मंग कुटं हाय? उडून गेली का?"

टोपी त्या वेळी माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत होती. मला सगळं कळलं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. तेवढंच झालं नाही. तात्या "हितलं पाणीबी पेणार न्हाई" म्हणत टेम्पोत बसून निघून गेले आणि आबा गावोगाव खोटारडे ठरले.

पुढे सगळे व्हिडिओ मागू लागले. मी तो कॉम्प्युटरवर चढवून एकट्याने पाहिला. नवऱ्यापेक्षा मीच ठसठशीत, टोपी घालून दात काढतोय. मूळ टेपवर तोवर कासारसाईच्या धरणावरची मित्रांची सहल चढली होती. मी सांगितलं, डिस्क गेली. त्या काळी माणमध्ये एवढं वाक्य पुरायचं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे पोरा, तुजा काय दोष."

त्या हाताचं वजन अजून पाठीवर आहे.

यंदा त्या नवरीच्या लेकीचं लग्न ठरलं. माझ्या त्या मानलेल्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तात्या म्हनत्यात, ज्या मांडवात आबा त्यात मी न्हाई. आन आबा कापडं शिवंनात. खोटारड्यानं कुटं मिरवायचं, म्हनत्यात. ती डिस्क कुटं दुरुस्त न्हाई का व्हत रं? टोपी घातलेली तेवडी दिसली पायजे."

"बघतो," मी म्हणालो. फोन ठेवून बायकोला सगळं सांगितलं. ती हसता हसता खाली बसली.

"म्हणजे ती कपाटातली टोपी? मी समजत होते तुझ्या वडिलांची आठवण! दरवर्षी डांबरगोळ्या घालतेय मी तिच्यात!"

रविवारी सकाळी बिस्किटांच्या डब्यातून जुन्या कॉम्प्युटरची ती हार्ड डिस्क काढली. विटेएवढी जड, मागे दातांच्या कवळीसारख्या पिना. आताच्या लॅपटॉपला जोडायचा खास अडॅप्टर मागवला होता तो लावला. दिवा लागला. बाकी काही नाही. ना घरघर, ना टिकटिक. वीस वर्षं जिला मेली म्हणालो, ती माझा शब्द राखायला खरंच मेली होती. मला एकाएकी असं हसू फुटलं की बायको घाबरली.

इंटरनेटवर कोणी लिहिलं होतं, फ्रीजरमध्ये ठेवा. "मटारांशेजारी चालेल का?" ती म्हणाली. पण तसं केलं तर आत पाणी धरणार, एवढं मला कळत होतं. मला आठवलं ते वेगळंच. फार दिवस पडून राहिली की आतली चकती वाचणाऱ्या सुईला चिकटून बसते. मग डिस्क आडवी धरायची आणि मनगटाने एकच हिसका द्यायचा. जास्त दिला तर कायमची संपली.

"पिळ कान," बायको म्हणाली. "तुला अनुभव आहे."

पिळला. आधी काही नाही. मग आतून बारीक सूं आवाज निघाला, वाढत गेला, आणि पडद्यावर त्या जुन्या फायलींची नावं उमटली. आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेली माणसं, टेबलाला वळसा घालून फुगडी खेळलो. खालच्या मजल्यावरच्यांनी फोन करून विचारलं, काय पडलं? आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग पाहिलं. नवरीचा चेहरा हिरव्या चौकटींत फुटला होता. माझी टोपी मात्र स्वच्छ. तिथेच थांबवलं. पुढचं बघायचा धीर नव्हता.

मालेला बहिणीच्या घरी सगळे जमले. आबा भिंतीला टेकून. तात्या आले होते आबांचं खोटं डोळ्यांनी बघायला, म्हणून मुद्दाम टीव्हीच्या नाकासमोर बसलेले. व्हिडिओ लावायच्या आधी मी उभा राहिलो. पिशवीतून टोपी आणि टॉवेल काढला.

"तात्या, आबांनी टोपी घातली होती. तुमच्या खुर्चीत मी बसलो होतो. मला तेव्हाच कळलं होतं. बोललो नाही. डिस्कही गेली नव्हती."

मी आबांकडे बघू शकलो नाही.

"म्हंजी मी घातली व्हती ना?" आबांनी विचारलं.

"घातली होती, आबा."

"दिसत न्हवतं मला. पर घातली व्हती!" आणि म्हातारा असा हसला की कवळी हातात घ्यावी लागली. "आरं लबाडा, वीस वरीस माज्या घरची दिवाळी खातुयास!"

तात्या मात्र हसले नाहीत. "तुमचं झालं," ते म्हणाले. "पर मी लेकराच्या लग्नातनं उपाशी गेलो त्याचं काय?"

व्हिडिओ लावला. टोप्यांची ओळ आली, आबांचे चाचपडणारे हात आले, मी दात काढताना आलो, सगळे फिदीफिदी हसले. तेवढ्यात होणारी नवरी ओरडली, "थांबवा! मागं बघा, मागं!"

मागे मांडवाचा पडदा वाऱ्याने वर गेला होता. पडद्यापलीकडे जिलेबीची कढई. कढईपाशी उकिडवे बसलेले, दोन्ही गाल भरलेले, तात्या.

मग तात्यांची मालकीण उठली.

"ह्यो बाबा वीस वरीस सांगतुया उपाशी आलो म्हून! त्या दिशी चूल पेटवून पिठलं-भाकरी केली मी ह्यांच्यासाटी!"

"आन ती बी खाल्ली," तात्या खाली बघत म्हणाले.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कोण कोणाच्या अंगावर पडून हसत होतं ते कळत नव्हतं. माझ्या बायकोला पाणी पाजावं लागलं. आबांनी टोपी मागून घेतली. आता डोळे लख्ख आहेत त्यांचे, तरी आधी तात्यांचं कपाळ हाताने चाचपलं, खात्री केली, मग घातली. डांबरगोळ्यांच्या वासाने तात्यांना शिंका सुटल्या. शिंकत शिंकतच ते आबांच्या पाया पडायला वाकले, आणि आबांनी मध्येच धरलं.

निघताना तात्यांनी मला बाजूला ओढलं. हळूच म्हणाले, "पावनं, ही फिल्लम लग्नात मोठ्या पडद्यावर लावणार म्हनत्यात पोरं. तेवडं काय तरी करा."

"काय करू?"

"सांगा की, डिस्क गेली म्हून."

मी मागे वळलो, आणि उभ्या जन्मात काढला नव्हता एवढा आवाज काढून सगळ्यांना सांगितलं, "तात्या म्हणतायत, डिस्क गेली म्हणून सांग!"