मॅचिंगवहिनींच्या डोळ्यातली हळद

मॅचिंगवहिनींना माणसांची नावं लक्षात राहत नसत. रंग मात्र एकदा पाहिला की त्या जन्मात विसरत नसत. "ती न्हवं का, आमसुली साडीला पोपटी काठ असलेली, इचलकरंजीची," एवढं म्हटलं की त्यांच्या लेखी त्या बाईची पूर्ण ओळख झाली. मी त्यांचा 'विटकरी शर्टवाले भावजी' होतो, कारण पहिल्यांदा भेट झाली तेव्हा माझ्या अंगात तसला शर्ट होता. त्या शर्टाचं पुढं फरशी पुसायचं फडकं झालं, पण वहिनींच्या वहीत माझा रंग काही बदलला नाही.

महाद्वार रोडजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये त्या वीसेक वर्षं काउंटरमागे उभ्या होत्या. आईबरोबर असल्या दुकानात ज्यांनी लहानपणीच्या दुपारी काढल्यात, त्यांना ही माणसं ठाऊक आहेत. गिऱ्हाईक साडी उलगडतं न उलगडतं तोवर मागे न बघता यांचा हात बरोबर त्या रंगाच्या ठाणावर गेलेला असतो. वहिनींना हिरव्याचे तीसेक प्रकार येत आणि प्रत्येकाला नाव असे. कापड काढलं की त्या गिऱ्हाइकाला घेऊन दारात जात. "ट्यूबखाली रंग खोटं बोलतोय. उजेडात चला." पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि काउंटर सुटला. नाव तेवढं चिकटून राहिलं.

माझ्याकडे त्या आल्या त्या भांडायला. उचगावात माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्यांनी अल्बम काउंटरवर आपटला.

"पोरगी माझी हाय. पण हा शालू तिचा न्हाय."

"वहिनी, फोटोत थोडा फरक पडतोच."

"थोडा? हिरवी झाक असलेल्या चिंतामणी रंगाचा निळा करून ठेवलाय, आणि वर थोडा म्हणताय!"

मला राग आला. बारा वर्षं या धंद्यात काढलेला माणूस मी, मला ही ब्लाउजपीसवाली रंग शिकवणार? चूक कॅमेऱ्याची आहे हे दाखवायला मी टॅबवर त्या फोटोची रॉ फाइल उघडली. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते कसलाही साजशृंगार न करता जसंच्या तसं त्या फाइलमध्ये असतं, म्हणून ती दिसायला मळकट असते. रंग निळ्याकडून पिवळ्याकडे नेणारी पट्टी बोटानं कशी सरकवायची, तेही मी रुबाबात करून दाखवलं. वहिनींनी टॅब माझ्या हातातून काढून घेतला, दारात गेल्या आणि पायरीवर बसल्या. बोट केसभर इकडे, केसभर तिकडे. मग त्यांनी पिशवीतून त्याच शालूच्या ब्लाउजचा उरलेला तुकडा काढला आणि स्क्रीनला लावून धरला. मला दोन्हींत फरक सापडेना. टॅब हातात धरल्याला त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्टुडिओत येऊ लागल्या. मी बोलावलं होतं की त्या आपणहून आल्या, हे आता आठवत नाही. "मी आलो की कुणी फोटोला हात लावायचा न्हाय," हे तेवढं पहिल्याच दिवशी सांगून झालं. आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो'च म्हणतात, आणि वहिनींच्या तोंडी त्या 'आलो'ला वजनही असे.

'रॉ' हा शब्द त्यांना पसंत नव्हता. मी 'कच्चा फोटो' म्हणून बघितलं, तेही नापास झालं. "कच्चं कसलं? कच्चं म्हंजे अजून पिकायचं ऱ्हायलंय. हे कोरं हाय, कोरं कापड. आनि तुमचं ते जेपेग म्हंजे शिवून आलेला ब्लाउज. उसवता येतोय, पर सुईची भोकं ऱ्हात्यात." रॉ आणि तयार फोटोचं जेपेग यांतला फरक मी पैसे भरून केलेल्या कार्यशाळेतही इतका नीट कुणी सांगितला नव्हता. तेव्हापासून आमच्या टॅबमध्ये दोनच कप्पे असत, 'कोरे' आणि 'शिवलेले'.

कॅमेऱ्याचं कार्ड टॅबला जोडून फोटो उतरवून घेणं हे काम मी चहा पीत, फोनवर बोलत करायचो. वहिनी त्या वेळी कुणाशी बोलत नसत. सगळे फोटो उतरले की त्या पहिला, मधला आणि शेवटचा उघडून बघत, मग ते सगळे हार्डडिस्कवर टाकत, तिथंही तेच तीन उघडत आणि मगच कार्ड माझ्या हातात देत. कोरा फोटो पुसणं तर त्यांना पापच वाटे. जागा भरली म्हणून मी एकदा जुनी लग्नं उडवायला निघालो, तर म्हणाल्या, "भावजी, डिस्क दुसरी मिळंल. लगीन दुसरं कुठनं आणायचं?" मी मुकाट्यानं दुसरी डिस्क आणली.

टॅबची त्यांनी पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेतली. "ह्याला दिस मावळला की कावीळ होती," असं त्यांनी मला सांगितलं आणि मी हसलो. बघतो तर खरंच, डोळ्यांना आराम म्हणून संध्याकाळी स्क्रीन पिवळसर करणारं एक सेटिंग त्यात चालू होतं. दोन वर्षं मी त्याच स्क्रीनवर लग्नं रंगवत होतो, आणि मला पत्ता नव्हता.

आता नवरीला गोरं करून द्या म्हणणारी माणसं आमच्या धंद्यात रोज भेटतात. एकदा इचलकरंजीच्या एक वरमाय हटूनच बसल्या. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी नवरीचा उजेड वाढवत नेला, तसतसा डाळिंबी शालू धुऊन धुऊन विटल्यासारखा गुलाबी पडत गेला. "पोरगी गोरी पायजे का शालू डाळिंबी? दोन्ही मिळनार न्हाय." शालू वरमायनं स्वतः निवडला होता. पोरगी सावळी राहिली, आणि फोटोत इतकी देखणी दिसली की वरमाय घरी जाताना तोच फोटो मोबाइलवर लावून गेल्या.

मग एक दिवस बिद्रीची एक मुलगी आली.

तिचं लग्न होऊन तीनेक महिने झाले होते. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते, आणि लग्नानंतर महिन्याभरातच अचानक गेले. हळदीला सगळ्या बायकांचं झाल्यावर, अगदी शेवटी, त्यांनी लाजत लाजत एक बोट हळद लेकीच्या गालाला लावली होती. तो क्षण मी टिपला होता. मुलीनं अल्बम उघडला, त्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, ह्यात आबांची हळद कुठं हाय?"

मी बघितलं. गाल पांढरा होता, राख लावल्यासारखा. आबांचं बोटही पांढरं. मी आधी टॅबचं ते काविळीचं सेटिंग तपासलं, ते बंदच होतं. वहिनींनी अल्बम घेतला, दारात नेला, उजेडात धरला. "हाय की. चांगली पिवळी धम्मक हाय. बघ की बाळ."

मुलगी रडायला लागली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, आणि तिथंच त्यांना कळलं. त्या शेजारच्या कापडदुकानात गेल्या आणि दोन तुकडे घेऊन आल्या, एक पांढरा आणि एक मोतिया. पाठीमागं धरून त्यांची अदलाबदल केली, पुढं आणले आणि बघत राहिल्या. बराच वेळ बघितलं.

"ह्यातलं पांढरं कुठलं, भावजी?"

मी डावीकडचं दाखवलं. त्यांनी दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. "टॅबला न्हाय, मलाच कावीळ झालीया." डॉक्टरांकडे नेलं, तर मोतीबिंदू पिकत आला होता. सगळं जग त्यांना पिवळं दिसत होतं, आणि फोटोत दिसणारा तो जास्तीचा पिवळा त्या इमानेइतबारे काढून टाकत होत्या. कुणाच्या हळदीतनं हळदच काढून टाकणारी चूक होती ती.

वहिनींनी रंगवलेलं मी तपासायचंच सोडून दिलं होतं; कोरे फोटो होते म्हणून वाचलो. पण त्या वर्षातली किती लग्नं अशी पांढरी झाली होती, हे कुणाला ठाऊक? एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली, ती वहिनींनी नाकारली. मी चिडलो, त्यांच्या लेकीनं फोनवरून आरडाओरडा केला. वहिनींचं एकच म्हणणं. "जुना डोळा मी काय चूक केली ते सांगतोय. नवा डोळा बरोबर काय ते सांगतोय. सगळी लग्नं निस्तरूपर्यंत मला दोन्ही पायजेत."

चार महिने मी ते बघत होतो. एक डोळा हातानं झाकायचा, बघायचं. मग दुसरा झाकायचा, बघायचं. मग बोट केसभर सरकवायचं. एकेका लग्नाचे शेकडो फोटो, दुखरे गुडघे, आणि एक डोळा दिवसेंदिवस आणखी धुरकट होत चाललेला. पुष्कळ घरांत कुणाला फरकच कळला नसता. मी तसं म्हणालोही. "मला कळतोय न्हवं?" एवढंच उत्तर आलं. मी देवळात फारसा जात नाही, पण त्या चार महिन्यांत स्टुडिओत शिरताना चपला आपोआप बाहेर निघत.

बिद्रीचा फोटो त्यांनी शेवटाला ठेवला होता. तो टॅबवर घेऊन आम्ही एसटीनं बिद्रीला गेलो. मुलगी माहेरी आली होती. वहिनींनी कोरा फोटो उघडून टॅब तिच्या मांडीवर ठेवला.

"आबांची हळद तू जवळनं बघितलीस. मी न्हाय बघितली. सरकव बोट, आनि आली की थांब."

मुलीनं बोट सरकवलं. गालावर हळद उमटली. आबांचं बोट पिवळं झालं. माझ्या मतानं तिनं तिथं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. पाठीमागची भिंत पिवळी झाली, आबांचा पांढरा सदरा पिवळा झाला, त्यांचे पिकले केससुद्धा. मग ती थांबली. "एवढी हुती," ती म्हणाली.

मी वहिनींच्या कानाशी पुटपुटलो, "लई झालंय, वहिनी. सदरा बघा."

त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. चिंतामणी रंगासाठी माझ्या काउंटरवर अल्बम आपटणारी ती बाई. "सदरा चुकलाय," त्या म्हणाल्या. "हळद बरोबर हाय. ऱ्हाऊदे." आणि त्यांनी तो फोटो तसाच ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात दुसरा डोळा झाला, आणि वहिनी लेकीकडे नागपूरला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. टॅब माझ्याकडे आहे. हळदीचे फोटो घेऊन मी आता एकटा बसत नाही. नवरीला बोलावतो, टॅब तिच्या हातात देतो आणि ती थांबली की थांबतो. कधी कधी तोवर मागची भिंतही पिवळी होऊन गेलेली असते. मी फोटो तसाच ठेवतो.