परग्रहावरचा नळ

अंतराळातले सिनेमे कसे पाहावेत, यावर माझी ठाम मतं आहेत आणि ती ऐकून घेणारे अख्ख्या लातुरात एकटे शेजारचे काका आहेत. रविवारी दुपारी ते येतात, खुर्चीच्या अगदी काठावर बसतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणतात. परग्रहावरची वस्ती दिसली की त्यांची शंका एकच असते: "समदं खरं हाय सर, पर ह्येंच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?" या माणसाला कल्पनाशक्तीच नाही, असं मी मित्रांना सांगत फिरतो.

गेल्या रविवारी शेवटची लढाई ऐन रंगात आली आणि काका उठून चालते झाले. मी भयंकर चिडलो, पण जागचा हललो नाही. विश्व वाचेपर्यंत खऱ्या चाहत्यानं उठायचं नसतं.

सिनेमा संपल्यावर त्यांना चार शब्द सुनावायला मी अंगणात आलो. आठवड्यानं आलेला नळ येऊन गेलाही होता. माझे दोन्ही ड्रम काठोकाठ भरले होते, त्यांचा मात्र निम्माच. काका पाइप गुंडाळत होते.

"वाचली का सर दुनिया?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो.