शटरवरचा पेंटर

तुर्भ्याला आमच्या गोडाऊनसमोर ट्रक रंगवणाऱ्या एका माणसाचं दुकान होतं. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला पेंटरच म्हणत. उकिडवा बसायचा आणि कमळाची पाकळी काढताना श्वास रोखून धरायचा.

दुकानाच्या शटरवर त्याने स्वतःलाच काढलं होतं. बनियनमधली पाठ, कानावर खोचलेला ब्रश, समोर ट्रकचा मागचा फाळका. दिवसभर हे चित्र वर गुंडाळलेलं असायचं. संध्याकाळी शटर ओढून तो घरी निघाला, की चित्रातला पेंटर कामाला बसायचा.

फाळक्यावरचं कमळ मात्र अर्धंच होतं. एकदा मी म्हटलं, "तेवढं पुरं करा की."

चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "पुरं केलं तर गाडी निघून जाईल ना, साहेब."

पुढे रेडियमचे स्टिकर आले, झटपट आणि सगळे एकसारखे. रंगवायला येणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या, मग तोही दिसेनासा झाला. आता तिथे कुरियरचं ऑफिस आहे.

रविवारी माल उतरवून घ्यायला गेलो की ते शटर खाली असतं. रंग बराच उडालाय, पण पाठ ओळखू येते. त्याची ती एक गाडी अजून उभी आहे.